तुलनेचं घर क्रमांक दोन

१० फेब्रुवारी

ही वही ट्रूडीने नाताळात दिली. तिच्या कुठल्याशा समुपदेशक बाईने सांगितलं म्हणे, की वडिलांना लिहायला लावा. "बाबा, तू कुणाशी बोलत नाहीस, निदान वहीशी तरी बोल." आता वहीशी काय बोलायचं, कप्पाळ? दीड महिना ती ब्रेडच्या डब्याखाली पडून होती. आज हातात घेतली कारण काम लवकर संपलं आणि बाहेर उणे बावीस आहे.

आयनेझ हाल्वर्सनच्या घराचा रिपोर्ट आज बँकेला पाठवला. पेलिकन रोडवरचं, तळ्याकाठचं. दोन लाख एकोणीस हजार डॉलरला गिऱ्हाईक ठरलंय, पण कर्ज देणाऱ्या बँकेने व्हॅल्युएशन मला सांगितलं, आणि माझा आकडा आला एक लाख चौऱ्याऐंशी. आता बँक तेवढ्यावरच कर्ज देणार. मी काय करू? आजूबाजूची नुकती विकली गेलेली तीन घरं तुलनेला घ्यायची, कमीजास्त करायचं, येईल तो आकडा लिहायचा. एकतीस वर्षं हेच करतोय. दोन नंबरचं घर स्वस्तात गेलं होतं, त्याने आकडा खाली ओढला.

आयनेझ दारात उभी राहून बोलत होती. पामरला, तिच्या नवऱ्याला, डुलुथच्या विसरभोळ्यांच्या होममध्ये ठेवलंय. हे घर विकून तिला होमपासून दोन गल्ल्यांवर खोली घ्यायची आहे. "अजून मला नावाने हाक मारतो, ऑर्विल. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत मारेल कसाबसा. म्हणून घाई आहे." मी म्हटलं हो हो, आणि तळघराची मापं घेतली. लोक व्हॅल्युअरला सगळं सांगतात. त्याने चौरस फूट वाढत नाहीत.

तुलनेच्या घरांचे फोटो एजंटांच्या जाहिरातीतून उचलले. थंडीत फोन दोन मिनिटांत मरतो.

१४ फेब्रुवारी

कॅफेत गॉर्डी भेटला. हा माझा धंद्यातला एकमेव मित्र, म्हणजे कामं पळवणारा पण कॉफी पाजणारा. पुन्हा तोच वाद निघाला, फोटो आपण स्वतः काढावेत की नाही. शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला ऐकून म्हणाला, तुम्हा लोकांना दुसरी कामं नाहीत का?

गॉर्डीचं म्हणणं, जाहिरातीतला फोटोच खरा. "घर विकलं गेलं त्या वेळी कसं होतं ते त्यात दिसतं. आपण सहा महिन्यांनी जाऊन काय काढणार? नव्या मालकाची मोडकी बोट? वर लोक अंगावर येतात ते वेगळंच."

हे अगदी माझ्या मनातलं होतं. पण मी उगाच त्याला खिजवलं, "आणि तू त्या जळून गेलेल्या घराचा फोटो छापलास, त्याचं काय? तीन बेडरूम, उत्तम स्थिती!"

"ते एकदाच झालं रे," म्हणाला, आणि बिल माझ्याकडे सरकवलं.

२१ फेब्रुवारी

आयनेझचा फोन. गिऱ्हाइकाच्या एजंटने तिला रिपोर्ट दाखवला.

"ऑर्विल, फेब्रुवारीत गवत हिरवं कसं रे?"

मी म्हटलं, कुठलं गवत?

"पेलिकन रोडवरच्या दोन नंबरच्या घरासमोर गवत आहे. हिरवंगार. माझ्या दारात कमरेएवढा बर्फ आहे आणि तू सही केलीस की मी हे घर या महिन्यात रस्त्यावरून स्वतः पाहिलं."

मी म्हटलं, फोटो जाहिरातीतला आहे, सगळेच वापरतात.

"असेल. पण त्या कुंड्या मार्लिसच्या आहेत."

आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. दोन नंबरचं घर माझं आहे. होतं. सत्तावीस वर्षं माझी बायको मार्लिस आणि मी तिथे राहिलो. ती गेल्या जूनमध्ये पुढच्या खोलीत गेली, स्वादुपिंडाचा कॅन्सर. मेमध्ये उभं राहवत नव्हतं तरी तिने लाल जिरेनियमच्या कुंड्या टांगल्या, मला स्टूल धरायला लावलं. एजंटने जुलैत फोटो काढला त्यात त्या आहेत. फोटो चांगला आला होता, म्हणून वापरला. त्यात भावनेचा काही संबंध नाही.

आणि मला कशाला जायला हवं ते घर पाहायला? त्याचा खिळा न् खिळा मला माहीत आहे. जगात कुठल्याच व्हॅल्युअरला तुलनेचं घर इतकं माहीत नसेल.

घर जुलैत बाजारात ठेवलं आणि तीन दिवसांत गेलं. पहिली मागणी आली ती घेतली, गाडीच्या बॉनेटवर सही केली, पुन्हा आत गेलो नाही. बाजारात ठेवलं, बाजाराने घेतलं, म्हणजे ती बाजाराची किंमत. हे मी आयनेझलाही सांगितलं.

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गिऱ्हाईक एकतीस मार्चपर्यंत थांबायला तयार आहे. तू बँकेला एक दुरुस्तीचं पत्र लिही. एवढंच मागते."

मी म्हटलं, बघतो.

२८ फेब्रुवारी

बँकेने फेरविचार करायला सांगितलं. सोबत एजंटने तीन नव्या विक्र्या जोडल्यात. वाईट नाहीत, खरं सांगायचं तर माझ्या तिघांपेक्षा बऱ्या आहेत.

"बदल नाही" असं उत्तर पाठवलं.

दोन नंबर काढायचा तर का काढला ते लिहावं लागेल. म्हणजे मी तो पाहिला नव्हता हे आलं. म्हणजे सही खोटी हे आलं. म्हणजे लायसन्स गेलं. त्रेसष्टाव्या वर्षी मी काय करू, लाकूडवखारीत फळ्या उचलू? या दोन खोल्यांत दिवसभर भिंतींकडे बघत बसू? काम आहे म्हणून सकाळी दाढी तरी करतो.

मला भीती वाटते. हे वहीला सांगायला हरकत नाही, वही कुणाला सांगत नाही.

९ मार्च

राज्याच्या लायसन्स बोर्डाचं पत्र. तक्रार आली आहे. रोन्डा ट्वेट नावाच्या चौकशी अधिकारी बाई आहेत, तीस दिवसांत खुलासा द्या, फाईल जोडा, स्वतः काढलेले मूळ फोटो जोडा. मूळ फोटो! पत्र तीनदा वाचलं.

आयनेझने केली असणार, दुसरं कोण. वीस वर्षांचा शेजार. तिच्या गच्चीचा जिना मी बांधून दिला होता. मार्लिस आजारी असताना ही बाई दर गुरुवारी सूप घेऊन यायची, आणि आता गळ्यावर सुरी ठेवते. असं कुणी वागतं का?

ट्रूडीचा फोन आला, घेतला नाही.

११ मार्च

गॉर्डी म्हणाला, "रडतोस काय? बर्फ अजून आहे ना? आत्ता जा, फोटो काढ, आणि सांग की चुकून जुना चिकटवला गेला, खरा हा. तारीख कोण बघतंय?"

"फोनमध्ये तारीख असते."

"मग फोन बदल. काय रे तू, तीस वर्षांत एवढंही शिकला नाहीस."

सुटका झाल्यासारखं वाटलं. जेवलोसुद्धा. उद्या जातो.

१२ मार्च

गेलो होतो. पंपापाशी वळायचं तिथून परत आलो. रस्ता निसरडा होता.

नव्हता. कोरडा ठणठणीत होता.

१३ मार्च

आज पंपाच्या पुढे गेलो. टपालपेट्यांची रांग दिसली आणि गाडी बाजूला घेऊन अर्धा तास तिथेच बसलो. रक्तदाब असणार. डॉक्टरला दाखवायला हवं. एका घराचा एक फोटो, आणि माझ्याच्याने होत नाही, काय हा मूर्खपणा! एवढी हजारो घरं पाहिली मी. लोकांनी कुत्री सोडली अंगावर, एकाने तर बंदूक दाखवली, तरी फोटो काढून आलो.

१९ मार्च

पोस्टात आयनेझ समोर आली. मला वाटलं आता चारचौघांत माझे वाभाडे काढणार. तर म्हणाली, "किती वाळलास रे. जेवतोस की नाही?"

मी म्हटलं, "तक्रार करून वर चौकशी कसली करतेस?"

"तक्रार मी केली, लपवत नाही. तू फोन उचलेनास, दुसरं काय करणार होते? ऑर्विल, मी आठवड्यातून तीनदा डुलुथला जाते. दोन तास जायला, दोन तास यायला, या डोळ्यांनी. परवा पामरने मला आधी त्याच्या बहिणीचं नाव दिलं. मग बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, आयनेझ. अजून ओळखतो, पण आता वेळ लागतो त्याला. मी जवळ राहिले, रोज सकाळ-संध्याकाळ दिसले, तर काही दिवस जास्त मिळतील मला. मला वरचे पस्तीस हजार नकोत रे, मला ते दिवस हवेत. पण तुझ्या आकड्यात तिथली खोली बसत नाही, मी काय करू?"

"कायदेशीर बाब आहे, मला बोलता येत नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. जाताजाता वळून विचारलं, "तू मार्लिसनंतर त्या रस्त्याला आलास का रे कधी, माझ्या घराच्या पुढे?"

मी तिकिटांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. हा सगळा दबाव टाकायचा प्रकार आहे. आधी सूप, मग तक्रार, मग हे. माझ्या लायसन्सचं काय होणार याची कुणाला पडली आहे?

२६ मार्च

काही नाही. खुलासा लिहायला बसलो, चार ओळींच्या पुढे जात नाही. "सदर घर मला व्यक्तिशः माहीत असल्याने." पुढे काय लिहिणार?

सकाळी उठूच नये असं वाटतं. हे ट्रूडीला सांगितलं. सांगून टाकलं म्हणजे तोंडातून निघून गेलं. ती रडायला लागली. मग मीच तिला समजावत बसलो.

३० मार्च

गेलो. काढला. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी दोनला घरासमोर गाडी थांबवली. पायरीजवळ प्लॅस्टिकची घसरगुंडी बर्फात अर्धी गाडलेली. दार निळं केलंय. मी फोन काढला, काच खाली केली, तेवढ्यात दार उघडून एक तरुण बाई बाहेर आली, कडेवर मूल, पायात नवऱ्याचे बूट.

"ओ काका! फोटो कसले काढताय?"

हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, उत्तर पाठ आहे. "व्हॅल्युअर आहे, ताई. जवळच्या एका घराचं काम आहे, तुलनेसाठी तुमच्या घराचा रस्त्यावरून एक फोटो हवा. तुमचा कर वाढत नाही याने."

"असं होय. मग थांबा, पायऱ्यांवरचा बर्फ काढते. फोटोत बरं दिसेल."

मी नको नको म्हणेपर्यंत तिने मूल माझ्या खिडकीपाशी आणून उभं केलं, "जरा बघा हं याच्याकडे," आणि फावडं घेतलं. बर्फ ओढता ओढता बोलत होती. "पण आमच्या घराची तुलना करू नका हां कुणाशी, आम्हाला हे फुकटात पडलंय. मालकाची बायको नुकतीच गेली होती. एजंट म्हणाला, म्हाताऱ्याला नुसतं इथून निघायचंय, काहीही सांगा, हो म्हणेल. आम्ही आपले लाजत लाजत चाळीस हजार कमी सांगितले, वाटलं भडकेल. त्याने कागद वाचलासुद्धा नाही म्हणे. माझा नवरा अजून म्हणतो, आपण त्या माणसाला लुटलं. तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

"बिचारा," ती म्हणाली.

फोटो काढला. ती फावडं घेऊन बाजूला उभी राहिली, तरी तिचा एक बूट आलाय त्यात. मग गाडी पुढे नेऊन तळ्यापाशी थांबवली आणि रडलो. अंत्यविधीला रडलो नव्हतो, तेव्हा लोकांना खुर्च्या देत होतो. आज मोठमोठ्याने रडलो, नाक पुसायला हातमोज्याशिवाय काही नव्हतं.

ती किंमत घराची नव्हतीच. बाजाराचीही नव्हती. असली विक्री तुलनेला घ्यायची नाही, हे नव्या पोरांना मी स्वतः शिकवलंय, पहिल्या आठवड्यात. घरदार सोडून पळणाऱ्या माणसाची विक्री ती विक्री नव्हे. आणि मी ती उचलून आयनेझच्या घराला लावली. माझं घर मला नकोसं झालं, म्हणून तिचंही स्वस्त केलं.

घरी येऊन बँकेला पत्र लिहिलं. दोन नंबर पाहिला नव्हता, सही खोटी होती, विक्रेता मी होतो, ती विक्री रद्द धरा, सुधारित आकडा दोन लाख सतरा. तेच बोर्डाला. आजचा फोटो कुठल्याच पत्राला जोडला नाही. पाच वाजायच्या आत दोन्ही पाठवली.

३ एप्रिल

बँक म्हणते तपासायला सात दिवस लागतात. गिऱ्हाईक थांबलं नाही. त्यांनी तळ्याच्या पलीकडे दुसरं घर घेतलं.

आयनेझला फोन करून सांगितलं. "मला कळलं," म्हणाली. "लिहिलंस ते बरं केलंस. दुसरं कुणी येईल." तिचा आवाज इतका थकलेला होता की मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आठ दिवस आधी लिहिलं असतं तर झालं असतं. फेब्रुवारीतच लिहिलं असतं तर ती आज तिकडे असती. माझ्या खिशात पेन होतं की सगळा वेळ!

१० एप्रिल

रोन्डा ट्वेट बाईंचा फोन, दीड तास. आवाज रेकॉर्ड करतात.

"दोन नंबरच्या विक्रीत विक्रेता कुठल्या परिस्थितीत विकतोय, याची तुम्ही चौकशी केली होती का, मिस्टर लाहती?"

"विक्रेता मीच होतो."

"हो, ते पत्रात आहे. माझा प्रश्न असा आहे की चौकशी केली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याच्याशी मी बोललोच नव्हतो."

बाईंनी ते टिपून घेतलं. मग म्हणाल्या, पुढचा प्रश्न.

आयनेझकडे नवं गिऱ्हाईक येऊन गेलं, घर आवडलंय. व्हॅल्युएशन गॉर्डीकडे गेलं. त्याला मी बजावलं, सगळी घरं स्वतः जाऊन बघ, नाहीतर तंगड्या तोडीन. गेला होता. तिन्ही फोटोंत बर्फ आहे. आकडा भरपूर आला. मेच्या पंधरापर्यंत ती डुलुथला असेल.

१६ एप्रिल

दोन दिवस वादळ. दीड फूट बर्फ, वारा असा की समोरची गल्ली दिसत नाही. हायवे बंद. मला कुठे जायचंय? दिवसभर लोळलो, बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

१९ एप्रिल

पामर गेला. सतराला पहाटे, न्यूमोनिया.

होमने आयनेझला पंधरालाच कळवलं होतं, या म्हणून. ती वादळात गाडी काढून निघाली. हायवेवर पोलिसांनी अडवून परत पाठवलं. सोळाला पुन्हा निघाली, पुन्हा परत पाठवलं. दुसऱ्यांदा पोलिसानेच तिची गाडी चालवत घरी आणून सोडली. नर्सने फोन पामरच्या कानाशी धरला होता, त्याला ऐकू गेलं की नाही कुणाला ठाऊक.

दोन गल्ल्या असत्या तर चालत गेली असती.

आणि मी सोळाला काय लिहिलंय ते वर आहे. पान फाडणार होतो, फाडलं नाही.

२४ एप्रिल

सकाळी बोर्डाचा निकाल आला. ताकीद, थोडा दंड आणि पंधरा तासांचा अभ्यासवर्ग. जाहिरातीतला फोटो वापरायला तशी बंदी नाही, तसं स्पष्ट लिहिलं म्हणजे झालं. घर स्वतः न पाहता सही केली हा दोष, पण आपणहून कबूल केल्याने सौम्य धरला. लायसन्स कायम. दोन महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो कागद हातात होता, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. टेबलावर ठेवून टाय बांधला.

अकराला पामरचा अंत्यविधी होता. नंतर चर्चच्या तळघरात जेवण, हॅमचे पाव, भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश, बायकांनी घरून आणलेल्या गोड वड्या. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, म्हणजे लवकर निघता येईल. ट्रूडी खास आली होती, ती आयनेझला मिठी मारून रडली. मला जाता आलं नाही.

मग आयनेझच माझ्याकडे आली. काळा ड्रेस, पायात बर्फाचे बूट. शेजारची खुर्ची ओढून बसली.

"घरावरची विक्रीची पाटी काढायला सांगितली," म्हणाली. "गिऱ्हाईक चांगलं होतं. पण आता तिथे जाऊन मी कुणाजवळ राहू?"

मी म्हटलं, "आयनेझ, मी..."

तिने माझ्या ताटलीत बघितलं, काही नव्हतं. उठून दोन वड्या आणल्या, ठेवल्या, पुन्हा बसली.

"एक विचारू, ऑर्विल? त्या दिवशी माझ्या घराची मापं घेऊन तू दारातून निघालास. गावाकडे वळलास, मी खिडकीतून बघत होते. उजवीकडे वळून तुझ्या घरापर्यंत गेला असतास, तर किती वेळ लागला असता?"

मला अंदाज करायची गरज नव्हती. सत्तावीस वर्षं मी त्या रस्त्यावरून रोज गाडी चालवली.

"चार मिनिटं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागाने नाही, नुसती. मग कुणीतरी तिला हाक मारली आणि ती कॉफी ओतायला उठून गेली.